रंगवलेलं गवत

यजमान गेल्यानंतर चौदाव्या दिवशी क्लबचे सचिव भेटायला आले. खुर्चीत बसून दोनदा उसासा टाकला आणि पिशवीतून कागद काढले. क्लबची स्मरणिका निघणार होती. त्यात बंद पडलेल्या गोल्फ स्पर्धेचा इतिहास होता. मी कॉलेजात ग्रंथपाल, म्हणून भाषा तपासून हवी होती.

तिसऱ्या पानावर वाक्य होतं : मैदान प्रमुखांना हिरवळ टिकवता न आल्याने व्यावसायिक खेळाडूंनी पाठ फिरवली.

मैदान प्रमुख म्हणजे आमचे हे. मैंदर्गीहून आलेले, कमी बोलणारे. चेंडू ज्या भोकात घालायचा त्याभोवतीची जागा ते बारीक वाळूत जळकं ऑईल कालवून तयार करत आणि पाटा फिरवून इतकी सपाट करत की चेंडू सरळ जाई. बाहेरचे खेळाडू आधी हसत, मग दरवर्षी येत. पण समितीतले कोणीतरी परदेशातली गवताची मैदानं पाहून आले आणि त्यांना वाळूची लाज वाटू लागली.

"साहेब, हितं माणसाला चार दिसांनी पाणी येतंय," हे बैठकीत म्हणाले होते. "गवताला कोण पाजणार?"

"तुम्ही पाटा फिरवा," सचिव म्हणाले होते. "विचार आम्ही करतो."

त्यांनी केलेला विचार असा : गवत लावलं, ते उन्हात पिवळं पडलं, आणि खेळाडू यायच्या आदल्या दिवशी चादरींच्या रंगखान्यातून हिरवा रंग आणून त्यावर फवारला. आपल्या शहरातला रंग, पक्का. दुसऱ्या दिवशी मी यांना डबा द्यायला गेले तेव्हा पांढरे चेंडू हिरवे झाले होते. एक नामांकित खेळाडू गुडघा टेकून उठला, तर पँटवर पोपट बसल्यासारखा डाग. सचिव त्याला रुमाल देत होते. रुमालही हिरवा झाला.

"चादरीवरचा गोल्फ पहिल्यांदाच बघितला," हे डबा उघडत म्हणाले. एवढंच. पुढच्या वर्षी कोणी आलं नाही.

मी ते वाक्य सचिवांना दाखवलं. "हे खोटं आहे."

"वहिनी, गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो?"

"मला पडतो. मी अजून इथंच आहे."

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग खिशातलं पेन काढून वाक्य खोडलं. "मग स्पर्धा का बंद पडली म्हणून लिहू?"

"तुम्ही होतात की तिथं."

ते पेन धरून बसले. चहावर साय धरली. एवढा शिकलेला माणूस 'आम्ही गवत रंगवलं' हे तीन शब्द लिहू शकत नव्हता. शेवटी त्यांनी लिहिलं : तांत्रिक कारणास्तव.

मी वाचून कागद परत दिला. यांच्यावरचा ठपका गेला होता. खरं छापण्याची अपेक्षा मी त्या मंडळींकडून ठेवलीच नव्हती.