मुबीनाचा काँप्युटर दुकानात चांगला चालायचा

मुबीनाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. नमाज, चहा, मग काँप्युटर. जासईच्या एका कंटेनर यार्डातून तिला मोबाइलवर फोटो येतात. कंटेनरच्या दारावरचे नंबर, ट्रेलरच्या नंबरप्लेटी. ते बघून ती नंबर यार्डाच्या सिस्टीममध्ये टाकते. नंबर चढला की गेटवर ट्रेलर आत घेतात. नाही चढला तर तो रस्त्यावर उभा, त्याच्या मागे दुसरा उभा, आणि हॉर्न पार पुढच्या गव्हाण गावापर्यंत.

तिचा नवरा अदीब स्वतः ट्रेलर चालवायचा. कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून पलंगावर असतो. घर मुबीनाच्या पगारावर चालतं. मी समोरच्या घरात राहतो. न्हावा शेव्याच्या बंदरात जहाजावर कंटेनर बांधायचं काम केलं, आता घरी आहे.

गेल्या हिवाळ्यात तिचा काँप्युटर पडायला लागला. टेबलावरून नाही. स्क्रीन एकदम निळी व्हायची, त्यावर रडका चेहरा यायचा, इंग्रजीत चार ओळी यायच्या, आणि मशीन बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू व्हायची. टाकत असलेले नंबर गेलेले.

"निदान तोंड तरी पाडतो," अदीब म्हणाला. "माझा ट्रेलर बंद पडायचा तेव्हा शेठ मलाच तोंड पाडायला लावायचा."

मुबीना हसली नाही. यार्डाच्या ऑफिसातल्या नीता मॅडमचा फोन येऊन गेला होता. "मुबीना, तू काम चांगलं करतेस, पण गेटवरचे मला शिव्या देतात. या महिन्यात आणखी एकदा अडलं तर मला दुसरी बघावी लागेल."

बाजारात विनायकचं दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या स्कूटरवर पुढे मशीन, मागे मुबीना, असे आम्ही गेलो. विनायकनं मशीन उघडली, धूळ काढली, दोन दिवस चालू ठेवली. एकदाही पडली नाही. घरी आणली. सकाळी पडली.

पुन्हा नेली. त्यानं रॅम बदलली. दुकानात उत्तम. घरी पडली. तिसऱ्यांदा सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकली. दुकानात तर तो त्यावर क्रिकेटची मॅच बघत बसला. घरी आणली, पहाटे फज्रच्या नमाजनंतर पडली.

"मशीन चांगली आहे. घर खराब आहे," अदीबनं निकाल दिला.

मग घराची दुरुस्ती सुरू झाली. स्टॅबिलायझर आला. वायरमननं अर्थिंग तपासलं. ते चांगलं निघालं, तरी त्यानं नवीन करून दिलं. टेबल खिडकीपासून हलवून कपाटाशेजारी नेलं. अदीबच्या आईनं लिंबू लावायला सांगितलं तेव्हा मुबीना म्हणाली, "अम्मी, आधी विनायकभाईंना घरी बोलावते. तेही नाही जमलं तर लिंबू."

विनायक आला. मुबीनानं मशीन चालू केली, नंबर टाकायला लागली. तो चहा घेत शेजारी बसला. कप अर्धा झाला आणि स्क्रीन निळी झाली. विनायकनं कप खाली ठेवला, वाकून मशीनच्या मागे बघितलं.

"भाभी, हे काय लावलंय?"

मागे अंगठ्याएवढा डोंगल होता, त्याला छोटा अँटेना. काँप्युटर जुना, त्याला वाय-फाय नाही. राउटर तळमजल्यावर मुबीनाच्या मामूंकडे. त्याचा सिग्नल हा डोंगल पकडायचा.

"ते तौसीफनं दुबईहून पाठवलंय. माझा भाऊ."

"दुकानात कधी आणलं नाहीत?"

"काढून ठेवायची. कपाटात."

"का?"

अदीब पलंगावरून म्हणाला, "तुम्ही बदलून ठेवलं असतं म्हणून. दुबईचा माल आहे."

विनायकला राग आला नाही. आपल्याकडे वस्तू दुरुस्तीला देताना चांगला भाग काढून ठेवायची पद्धत आहे. सायकल देताना लोक घंटी काढून ठेवतात. त्यानं फक्त एवढंच म्हटलं, "दुकानात मी नेटची वायर लावतो."

त्यानं डोंगल उपटला, मुबीनाचा मोबाइल वायरनं जोडून नेट दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला. मुबीनाचं समाधान झालं नाही. दिवसभर तिनं त्या नेटवर काम केलं. काँप्युटर पडला नाही. मग डोंगल परत लावला. पडला. दुसऱ्या भोकात लावला. पडला. विनायकनं फोनवर सांगितलं तसं डोंगलचं सॉफ्टवेअर काढून नवीन टाकलं. तरी पडला. पुन्हा काढला, चालला. ही मेहनत मला आवडली. तिला खूण सापडली होती, तरी तिनं ती पुन्हा पुन्हा तपासून बघितली.

डोंगल विनायककडे गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला. "यानं दुकानातला काँप्युटरपण पाडला. घेऊन जा."

आता तौसीफला सांगायचं होतं. मुबीनानं घाबरत व्हिडिओ कॉल लावला.

"तौसीफ, रागावू नको. तुझ्या त्या डोंगलमुळे सगळं होत होतं."

"मग फेकून दे ना, आपा."

"दुबईचा आहे."

"दुबईत काय बनतं, आपा? दुबईत विकतात. मी फुटपाथवरून घेतला होता."

पलंगावर अदीब इतका हसला की कंबर धरून बसला.

त्या महिन्यात गेट पुन्हा अडलं नाही. नीता मॅडमनं दुसरी बघितली नाही. पण मोबाइलवरचं नेट दुपारपर्यंत संपायचं, आणि मामूंनी नुकताच जिना रंगवल्यामुळे त्यांच्या राउटरवरून वायर वर न्यायला ते तयार नव्हते.

पगार झाला तसं मुबीनानं स्वतःचं ब्रॉडबँड घेतलं. लाइनमननं विचारलं, कनेक्शन कुणाच्या नावावर? अदीबनं पलंगावरून तिच्याकडे बोट केलं. लाइनमननं भिंतीला भोक पाडलं, राउटर लावला आणि वायर थेट काँप्युटरच्या मागे खोचली.