कोरे बूट

गल्लीतल्या बांधकामावर आज सगळे मजूर बूट घालून दिसले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. रोज स्लिपरवर फरश्या वाहणारी माणसं ही. आणि बुटांवर सिमेंटचा एक शिंतोडाही नाही? तासाभरात तपासणीचे साहेब आले, फोटो काढून गेले. लगेच मुकादमाने बूट गोळा करून पोत्यात भरले.

पायाला फडकं बांधलेली एक बाई शेडमधून लंगडत बाहेर नळावर आली.

"तुम्हाला नाही दिले बूट?" मी विचारलं.

"दिले की. पण परवा पायावर फरशी पडली. सुजलेला पाय आत जाईना, तर मुकादम म्हणाला, साहेब जाईपर्यंत शेडमध्ये बस."

याच इमारतीत आम्ही घर घेतोय. रविवारी नमुन्याचा फ्लॅट दाखवताना त्यांनी दारातच आमच्या चपला काढायला लावल्या होत्या. फरशीला चरा पडू नये म्हणून.