कोनाचा गोठा हाय हा?

रंगनाथनाना गोठ्यात शिरले की आधी शेणाकडे बघत. मालक पुढे येऊन बसायला पोतं टाकी, आतून पाण्याचा तांब्या येई, पण नाना आपले कोपऱ्यात वाकून उभे. चपलेच्या टोकाने शेण जरा पसरायचं, त्यात मक्याचे अख्खे दाणे दिसतात का ते बघायचं, मग गाईच्या पाठीवरून हात फिरवायचा, आणि सगळ्यात शेवटी माणसांकडे वळायचं. ते आमच्या पशुखाद्याच्या कारखान्यात विक्रीचं काम करत. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले त्या दिवशी पाऊण तासात त्यांनी आमच्या पेंडेचं नावही काढलं नाही. शेवटी मालकानेच विषय काढला, तर नाना त्याला म्हणाले की आत्ता पेंड बदलू नको, मका नीट भरडून घाल, दाणे तसेच बाहेर पडतायत.

येताना मी विचारलं की हे कसलं विकणं.

"इकायचं नंतर, मॅडम," नाना म्हणाले. "आधी इचारायचं."

नाना संगमनेरच्या पठार भागातले. सातवीनंतर शाळा सुटली, गावच्या दूध संकलन केंद्रावर कॅन धुण्यापासून सुरुवात झाली आणि पुढे कारखान्यात आले ते पंचवीस वर्षं तिथेच राहिले. अंगाने काटक, सदरा कायम पांढरा आणि कायम कुठेतरी डाग पडलेला. कुठल्या गावात कोणाची गाय कधी व्यायली हे त्यांना तोंडपाठ असे. माणसांची नावं मात्र विसरत, गाईच्या नावावरून ओळखत. एखाद्या शेतकऱ्याचा फोन आला की म्हणत, "कोन? हां, चंद्रीवाले व्हय."

मी पुण्यात जाहिरातीचा कोर्स करून परत आले होते. नाशिक-पुणे रस्त्यावरच्या आमच्या ऑफिसात मला एक टेबल, एक लॅपटॉप आणि एक हुकूम मिळाला. कारखान्याच्या मालकांना, शेठना, रोज एक व्हॉट्सअॅप संदेश हवा होता, महिन्याला एक नवं पत्रक, शिवाय फेसबुकवर काही ना काही. पहिले दोन महिने मी स्वतः लिहिलं. तिसऱ्या महिन्यात एआयकडून लिहून घ्यायला लागले. मी दोन ओळी सांगायचे, ते चाळीस ओळी द्यायचं. शुद्धलेखन बरोबर, वाक्यं गुळगुळीत. 'आपल्या पशुधनाच्या उज्ज्वल भविष्यासाठी एक विश्वासाचं पाऊल.' शेठ खूश होते आणि मीही.

नानांना हे कळलं तेव्हा मला वाटलं, आता जुन्या माणसाचं नेहमीचं बोलणं ऐकावं लागणार. तसं काही झालं नाही. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि म्हणाले, मला बघू द्या. मग रोज दुपारी जेवण झालं की ते माझ्या टेबलाशी यायला लागले. ते प्रश्न सांगायचे, मी टाइप करायचे. उन्हाळ्यात गाय धापा टाकते तेव्हा खायचा सोडा दिला की बरं वाटतं, ते का, असं त्यांनी एकदा विचारायला लावलं. उत्तर आलं की धापा टाकताना गाईची लाळ गळून जाते, त्या लाळेतला क्षार जातो आणि पोटात आंबटपणा वाढतो. नानांनी ते दोनदा वाचून घेतलं.

"इतकी वर्षं मी लोकांना सोडा द्यायला सांगतोय," ते म्हणाले, "का द्यायचा ते आज कळलं."

त्या दिवशी ते ऑफिसभर ही गोष्ट सांगत फिरले. शिपायालाही सांगितली.

एकदा त्यांनी मला एआयकडून एका गोठ्याचं वर्णन लिहून घ्यायला लावलं. त्याने फार छान लिहिलं. पहाटेचा गारवा, घंटांचा नाद, वासराचं हुंदडणं, मातीचा सुगंध. नानांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांचा चेहरा टीका करणाऱ्या माणसाचा नव्हता, काहीतरी शोधणाऱ्या माणसाचा होता.

"समदं बरोबर हाय," ते म्हणाले. "पन कोनाचा गोठा हाय हा?"

मी म्हटलं, कोणाचाच नाही, वर्णन आहे. त्यावर त्यांनी मला टाइप करायला सांगितलं की पठारावरच्या आपल्या गिऱ्हाईक मंदाताईंची गाय आज कशी आहे. उत्तर आलं की मला याची माहिती नाही, तुम्ही सांगितलंत तर मदत करू शकेन. नानांना हे उत्तर फारच आवडलं. खरं बोलतं, असं दोन-तीनदा म्हणाले. मग उठता उठता थांबले. "इचारलं तर म्हाईत न्हाई म्हनतं. पन लिही म्हनलं, की समदं म्हाईत असल्यासारखं लिहितं. गंमत हाय." ते हसत गेले. मीही हसले आणि विसरून गेले.

त्या पावसाळ्यात आम्ही गाभण आणि दुभत्या गाईंसाठी नवं खाद्य आणलं. पत्रकाचा मजकूर मी एआयकडून घेतला. खाद्यात काय काय आहे ते मी सांगितलं होतं, बाकी त्याने रचलं. त्यात एक ओळ होती, 'कासेच्या सर्व आजारांपासून संपूर्ण संरक्षण'. मी ती वाचली होती, हे मला आजही स्पष्ट आठवतं. ऐकायला चांगली वाटली म्हणून राहू दिली. खरी आहे का, हे त्याने मला विचारलं नाही आणि मी कोणाला विचारलं नाही. पत्रक छापलं, गोण्यांच्या तोंडाशी शिवलं आणि गावोगाव गेलं.

तीन आठवड्यांनी एका सकाळी नाना टेबलाशी आले. बसले नाहीत. "उद्या मोकळ्या हाय का, ताई? माज्यासंगं यायचंय." त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा ताई म्हटलं. कशाला जायचं, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या टेम्पोतून आम्ही पठारावर गेलो. मंदाताईंचं घर रस्त्यापासून आत, पुढे पत्र्याचा गोठा. पंचेचाळिशीची, उन्हाने रापलेली बाई. नवरा ऊसतोडीच्या मुकादमाकडे ट्रॅक्टर चालवायचा, वर्षातले सहा महिने बाहेर. दोन गाई त्यांच्या एकट्यांच्या जिवावर होत्या. त्यातली मोठी, चंद्री, आम्हाला बघून उठली नाही. मंदाताईंनी तिला हाताने उठवलं आणि मला म्हणाल्या, हात लावून बघा. कासेचा एक भाग दगडासारखा लागत होता. त्या दुखण्याला आमच्याकडे दगडीच म्हणतात. त्या भागाचा सड कायमचा गेला होता, तीन राहिले होते.

मंदाताईंनी सगळं शांतपणे सांगितलं. दुधात पहिल्या दिवशी गुठळ्या दिसल्या होत्या. एरवी त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरला फोन केला असता. पण नव्या गोणीबरोबर कागद आला होता, मुलीने तो वाचून दाखवला होता. खाद्य चालू आहे, म्हणजे आपोआप बरं होईल, असं त्यांना वाटलं. चार दिवस त्या थांबल्या. पाचव्या दिवशी गाय तापाने फणफणली तेव्हा डॉक्टर आले आणि म्हणाले, आधी बोलवायचं होतं.

त्यांनी भिंतीतल्या देवळीतून ते पत्रक काढून आणलं. घडी नीट घातलेली होती.

"हे कोनी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

नाना गाईच्या पलीकडे उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मशिनने लिहिलं, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते खोटंही नव्हतं. पण त्या गोठ्यात, त्या गाईसमोर, ते म्हणता येईना.

"मी," मी म्हटलं.

"तुमी गाय पाळता का?"

"नाही."

"मग कोनाला तरी इचारायचं हुतं," मंदाताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

तेव्हा नाना बोलले. "चूक माजी बी हाय, मंदाताई. गोण्या मी आनून दिल्या. कागद वाचला न्हाई."

परत येताना ते माझ्यावर रागावले नाहीत. उलट विचारत राहिले. ती ओळ त्याने कुठून आणली असेल? त्याने दुसऱ्या कोणाच्या जाहिराती वाचल्या असतील का? आणि त्या जाहिराती लिहिणाऱ्याने तरी कास पाहिली असेल का? मी म्हटलं, असंच असणार. मग नाना म्हणाले, म्हणजे त्याचा दोष कमीच, आपणच कास न बघता एकमेकांचं बघून लिहीत आलो, तेच ते शिकलं.

शेठना पत्रक मागे घ्यायचं नव्हतं. गोण्या दुकानांत गेल्या होत्या, सांगून उगाच बोभाटा होईल, असं त्यांचं म्हणणं. नानांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते खिशात कात्री घेऊन दुकानं फिरायला लागले आणि गोण्यांना शिवलेली पत्रकं स्वतःच्या हाताने कापून काढायला लागले. तिसऱ्या दिवशी मीही गेले. दुकानदारांना कारण सांगावं लागे, आणि ते मी सांगायचं असं आमचं न बोलता ठरलं होतं. अकोले तालुक्यातला एक दुकानदार हसला, साकूरच्या बाजूच्या एकाने आमचा मालच ठेवायचं बंद केलं. आठवड्याने शेठनी मला बोलावलं आणि म्हणाले, आता गावभर झालंच आहे तर व्हॉट्सअॅपवर दुरुस्तीचा संदेशही टाका.

त्या संदेशासाठी मी मंदाताईंकडे पुन्हा गेले, या वेळी एकटी. लोकांना काय सांगू, असं विचारलं. त्या वैरण टाकता टाकता बोलल्या आणि मी ते तसंच लिहून घेतलं. "पयल्या चार धारा काळ्या फडक्यावर काढत जा. गुठळी दिसली की त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा. थांबू नका. मी थांबले हुते." खाली त्यांचं नाव घालू का, हेही विचारलं. त्या हो म्हणाल्या.

ऑफिसात आल्यावर, निव्वळ बघावं म्हणून, मी ते एआयला सुधारायला दिलं. त्याने व्याकरण नीट केलं, धारांचं 'प्राथमिक दूध तपासणी' केलं आणि शेवटचं वाक्य काढून टाकलं. नानांनी दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवायला सांगितले आणि ओळीओळीने ताडून पाहिले. ते वाक्य त्याला नको का वाटलं असेल, हे त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, जाहिरातीत असं कोणी लिहीत नाही. "व्हय," नाना म्हणाले. "जो थांबला हुता त्योच लिहिनार ना."

मंदाताईंचा संदेश होता तसा गेला. त्या आठवड्यात ऑफिसचा फोन वाजत राहिला. पेंड मागायला फार थोडे. बहुतेकांना विचारायचं होतं, काळंच फडकं का, गुठळी केवढी असते, डॉक्टर येईपर्यंत काय करायचं. नाना फोनवर बसून उत्तरं देत होते आणि मी ऐकून लिहून घेत होते. एआय मी आजही वापरते. पण आता आधी त्याच्याकडून प्रश्न लिहून घेते आणि ते घेऊन गोठ्यावर जाते.

मागच्या वर्षी नाना निवृत्त झाले आणि मुलीकडे शेवगावला राहायला गेले. मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले होते. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "ताई, ते तुमचं मशिन आपन होऊन कधी काय इचारतं का?" मी म्हटलं, कामासाठी लागलं तर विचारतं. "तसं न्हाई. काम नसताना. उगाच, कळावं म्हनून." मला माहीत नाही, असं मी सांगितलं. मग त्यालाच विचारा आणि मला कळवा, असं सांगून ते गाडीत चढले.

मी विचारलं. त्याने लांबलचक आणि बऱ्यापैकी प्रामाणिक उत्तर दिलं. ते वाचून दाखवायला नानांना फोन लावला. त्यांनी पहिल्या दोन ओळी ऐकल्या आणि मला मध्येच थांबवून शेवगावच्या एका म्हशीचं सांगायला लागले. मुलीच्या घरापासून चौथ्या घरी आहे, दोन दिवस गव्हाणीला तोंड लावत नव्हती, जिभेखाली काटा रुतलेला निघाला, आता खाते.

मी विचारलं, तुम्हाला कोणी बोलावलं होतं?

"बोलावलं न्हवतं कोनी," नाना म्हणाले. "पन गेल्तो."