जात्याच्या खाणीत मी लावलेला रंग

आमचं जळगावात रंगांचं दुकान आहे. आजोबा राजस्थानातून आले तेव्हा किराणा विकायचे, वडिलांनी चुना आणि गेरू ठेवायला सुरुवात केली आणि माझ्या वाट्याला ऑइल पेंटचे डबे आले. दुकानदाराच्या घरात वाढलेल्या माणसाला एक खोड असते. पडून राहिलेला माल त्याच्या डोळ्यांत खुपतो. ही खोड आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळेच झाला.

दर रविवारी आम्ही सात-आठ जण डोंगरात जातो. सगळे पन्नाशीच्या पुढचे, सगळ्यांचे गुडघे कुरकुरणारे. एक निवृत्त बँक अधिकारी आमचे पुढारी आहेत, म्हणजे ते सगळ्यात पुढे चालतात आणि सगळ्यात आधी बसतात. पहूरच्या पुढे गाड्या लावायच्या, अजिंठ्याच्या रांगेत दोन-तीन तास चढायचं, एखाद्या अंजनाच्या सावलीत डबे उघडायचे. बाकीच्यांच्या डब्यांत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत असतं, माझ्या डब्यात खाकरे आणि कैरीचं लोणचं. माझ्या खाकऱ्यांची टिंगल केल्याशिवाय त्यांना भाकरी पचत नाही, आणि टिंगल करून झाली की खाकरे तेच संपवतात.

याच भटकंतीत आम्हाला जात्यांची खाण सापडली. डोंगराच्या पोटाशी काळ्या दगडाचा एक मोठा सपाट पट्टा आहे, आणि त्यात परातीएवढे गोल खड्डे. एकेका खड्ड्यातून एकेक जातं निघालेलं. मोठी पोळी लाटून वाटीनं पुऱ्या पाडल्या की मागे जी जाळी उरते, तसा तो पट्टा दिसतो. काही दगड मात्र निघालेच नाहीत. भोवती चर खणलेला, वरून गोल घडवलेला, पण बूड अजून डोंगरालाच चिकटलेलं. एके काळी इथली जाती बैलगाड्यांतून एरंडोलपर्यंतच्या बाजारात जायची, असं खालच्या वस्तीतले लोक सांगतात. मग गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि छिन्नीचे आवाज थांबले. आमचा तरी तसा समज होता.

खाणीपाशी वाट फुटते. एक फाटा माथ्यावर जातो, दुसरा काटेरी झुडपांत नेऊन सोडतो. आम्ही तिथे दोनदा चुकलो. दुसऱ्यांदा बँकवाल्यांची पँट फाटली, तेव्हा वाटेवर बाण रंगवायचा ठराव एकमतानं पास झाला. रंग मी आणतो म्हणालो. माझ्याकडे वर्षभर एक डबा पडून होता. कुणा देवळाच्या दारासाठी घोटून दिलेला भगवा, त्यांना पसंत पडला नाही म्हणून परत आलेला. रविवारी तो सत्कारणी लागणार म्हणून मी शनिवारपासूनच खुशीत होतो.

सगळीकडे छान बाण काढले. फाट्यापाशी आलो तर तिथे एक अर्धवट जातं, उभ्या कड्याच्या कमरेएवढ्या उंचीवर, अगदी बरोबर जागी. हे सोडायचं कसं? मी ठरवलं, आधी गोल पूर्ण भगवा करायचा आणि मग त्यावर पांढरा बाण काढायचा, म्हणजे लांबून दिसेल. दगडावर पांढरी भुकटी होती. रंगाच्या धंद्यात पहिला नियम असा की जागा साफ केल्याशिवाय रंग धरत नाही. मी आपला रुमाल ओला करून ती भुकटी मन लावून पुसली आणि दोन हात दिले. कडेवरून एक ओघळ खाली गेला, तोही व्यवस्थित ब्रशनं पसरवला. मग लक्षात आलं, पांढरा डबा दुकानातच राहिला. बाण पुढच्या रविवारी काढू म्हणून आम्ही उतरलो.

पुढचा रविवार आलाच नाही. दिवाळीच्या आधी रंगाच्या दुकानदाराला जेवायला उसंत नसते. दिवाळी, भाऊबीज, तुळशीचं लग्न सगळं उरकून आम्ही डोंगरात गेलो तेव्हा सीताफळंही संपत आली होती.

फाट्यापाशी माझा गोल होता. त्याच्यासमोर नारळ फोडलेले होते, झेंडूची माळ होती, हळदकुंकू होतं आणि वर काठीला छोटा झेंडा लावलेला होता. बँकवाले इतके हसले की त्यांना बसावं लागलं. मीही हसत होतो. मग बाजूच्या दगडावर बसलेले एक म्हातारे दिसले. पायाशी पोतं आणि पोत्यात हातोडा-छिन्न्या. ते आमच्याकडे बघत होते आणि हसत नव्हते.

त्यांना आम्ही आबा म्हणू लागलो. त्यांनी तुटक तुटक सांगितलं ते असं. ते खालच्या वस्तीतले; हे लोक दोन पिढ्यांपूर्वी धुळ्याकडून आलेले, बोली अजून तिकडचीच. आबा या खाणीतले शेवटचे कारागीर. त्यांच्या घरात रीत अशी की मुलीच्या लग्नाची हळद घरच्या माणसानं काढलेल्या जात्यावरच दळायची आणि ते जातं तिनं सासरी न्यायचं. आबांच्या नातीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. जात्याचा वरचा दगड आबांच्या वडिलांनी काढून घरी नेलेला होता. खालचा त्यांनी आखला, अर्धा घडवला आणि ते गेले. दोन्ही दगड एकाच थरातले हवेत, नाहीतर पिठात कच येते, आणि त्या थरातला न तडकलेला एवढा एकच दगड उरला होता. वर्षभर आबा गुडघे साथ देतील तसे, कधी तासभर, कधी दोन तास, तो सोडवत होते. मी पुसलेली पांढरी भुकटी त्यांच्या छिन्नीची होती.

मधे आठ दिवस ते तापानं पडले आणि परत आले तर दगडाचा देव झालेला. वस्तीतल्या एका अक्कांची हरवलेली बकरी त्याच्यापाशीच चरताना सापडली होती. मग काय, नवस सुरू झाले. आबांची स्वतःची छिन्नी आता त्यावर चालेना. महिनाभर ते रोज येऊन नुसते बसत होते.

मी खाली मान घालून सांगितलं की हा रंग मी लावलाय, हा देव वगैरे काही नाही, दुकानातला डबा आहे. त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं. मग शांतपणे म्हणाले,

"रंग तुमना शे, शेठ. पन दगड मना बापना शे."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. उतरताना बँकवाले समजावत होते की आता गप्प राहावं, लोकांच्या श्रद्धेचा मामला आहे, उगाच अंगाशी येईल. इतर वेळी मी त्यांचं ऐकतो. त्या दिवशी मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा.

पुढच्या रविवारी मी तोच डबा घेऊन एकटा वस्तीवर गेलो. पारापाशी माणसं जमली, मागे आबाही होते. मी झाकण उघडलं, ब्रश बुडवला आणि सगळ्यांदेखत माझ्याच डाव्या बुटावर भगवा पट्टा ओढला. सांगितलं की बघा, तोच रंग आहे, तिकडे चुकून लागला, आबांचा दगड आबांना द्या. भीती वाटत होती हे कबूल करतो. कुणी मारेल असं नाही, पण मी त्यांचा देव खोटा ठरवायला आलो होतो आणि ते माझं काम नव्हतं.

बकरीवाल्या अक्का पुढे आल्या, डब्यात डोकावल्या आणि पदरानं नाक झाकून म्हणाल्या,

"वास तर आमले बी येस, शेठ. पन मनी बकरी सापडनी ना."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी शहाणा बुटाला रंग फासून उभा. अक्कांनी मग माझ्याकडे पाठ केली आणि आबांना विचारलं की दगड हवा होता तर तोंडानं बोलायला काय झालं होतं. आबा पुटपुटले, देवाला छिन्नी कशी लावू. अक्कांना ते पटलं नाही.

"लगनमा जातं पुजतसच ना? मंग देव पोरना घर जाई. वाईट काय शे त्यामा?"

बाया हसल्या, दोन-चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एकानं हरकत घेतली, की मग डोंगरावर देव नको का? आबा पहिल्यांदाच मोकळे बोलले. दळायची बाजू करताना दगडाचा वरचा पापुद्रा काढावाच लागतो, तो अखंड काढून देतो, म्हणाले. तसंच ठरलं. दुसऱ्या दिवशी अक्कांनी कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि आबांनी छिन्नी धरली. मी दुकान मुलावर सोपवून गेलो होतो. थाळीएवढा भगवा पापुद्रा सुटून आला तेव्हा खालचा दगड काळाभोर, ओलसर दिसत होता. पापुद्रा त्याच कड्याच्या कोनाड्यात बसवला, झेंडा त्याच्या शेजारी लावला. तो आजही तिथे आहे. आम्ही वाट त्याच्यावरूनच ओळखतो, बाणाची गरज पडली नाही.

जातं सोडवायला पुढे तीन महिने गेले. आम्ही रविवारी माथ्यावर जायचं सोडून तिथेच बसू लागलो. पाणी दे, भुकटी झाड, एवढीच आमची मदत. बँकवाल्यांनी एकदा हातोडा मागितला. आबांनी त्यांच्या तळहाताकडे बघितलं आणि दिला नाही. खाकरे मात्र आबांना फार आवडायचे, आणि आमच्यात ते एकटेच होते ज्यांनी टिंगल न करता खाल्ले.

वैशाखात हळदीला आम्हाला बोलावणं आलं. अंगणात जातं मांडलं होतं, खुंट्याला हळकुंड-सुपारी बांधली होती, पाच सवाष्णी हळद दळत होत्या आणि अक्का सगळ्यांत मोठ्या आवाजात गात होत्या. दळण झाल्यावर आबांनी मला हात धरून खाली बसवलं. या कारागिरांत जात्याच्या कडेवर आपली खूण कोरायची पद्धत आहे. खालच्या दगडाच्या कडेवर त्यांच्या वडिलांच्या तीन रेघा होत्या, बाजूला आबांचं बेलाचं पान. आणि त्याच्या शेजारी बोटभर भगवा ओघळ, जो मी ब्रशनं पसरवला होता. सगळी कड घासून गुळगुळीत केलेली, तेवढी जागा सोडून.

"हाऊ तुमना," आबा म्हणाले. "ऱ्हाऊ दिना मी."

अक्कांनी ताटलीतली ओली हळद माझ्या दोन्ही गालांना फासली आणि मी मुलीकडचा माणूस म्हणून पंगतीत वाढायला उभा राहिलो.