मागच्या ओळीतली मी

कामठ्याच्या सभेत बोलायला उभी राहिली, की ती आधी मागं बसलेल्या आम्हा बायांना विचारायची, "ऐकू येऊन राहिलं का?" ही तिची नाटक कंपनीतली सवय. तिथं ती राण्यांची कामं करायची. आता जाडीभरडी खादी नेसून स्वराज्याचं बोलत गावोगाव फिरायची. पदर मात्र अजून राणीसारखाच सावरायची.

मी दर वेळी "नाही" म्हणायचे. खरं तर शब्द न् शब्द ऐकू यायचा. पण नाही म्हटलं की ती पुरुषांच्या ओळी ओलांडून आमच्यात यायची आणि तिथूनच बोलायची. एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "तुले ऐकू येते, मले माहीत आहे." तरी पुढच्या सभेतही ती आलीच.

शेवटच्या सभेत शिपायांनी तिला पकडून मोटारीत बसवलं. तिथूनच तिनं विचारलं, "ऐकू येऊन राहिलं का?"

बाया "हो" म्हणाल्या. मी "नाही" म्हणाले.

ती उठून उभी राहिली. शिपायानं दंड धरून तिला खाली बसवलं.

आता सभेला भोंगा असतो. सगळ्यांना सगळं ऐकू येतं. मी अजून मागंच बसते.