पुन्हा पहिल्यापासून

शिंपीणबाईंची नोव्हेना पाच महिने झाले तरी संपत नव्हती. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. रोज तीच, मन लावून. बाकीच्यांची नवव्या दिवशी संपते. पण आमच्या बाईंचा कारभार कडक! तिसऱ्या दिवशी प्रार्थनेत जांभई आली, बाद. पुन्हा पहिल्यापासून. सातव्या दिवशी शेजारणीच्या कुकरच्या शिट्या मोजल्या गेल्या, बाद. एकदा तर स्वारी आठव्या दिवसापर्यंत पोचली आणि 'आमेन' जरा घाईत म्हटलं गेलं की काय, या शंकेने सगळं मुसळ केरात.

नोव्हेना धरली होती ती मन शांत व्हावं म्हणून. नवरा गेल्यापासून छातीत धडधडायचं, हात थरथरायचे. शिवण जमायची, काजं-बटणं जमायची. पण कात्री कापडाला लावायची म्हटलं की बाईंच्या तोंडचं पाणी पळायचं. शिवलेलं उसवता तरी येतं, कापलेल्याचं काय करणार? आणि टेबलावर भाचीच्या लग्नाच्या झग्याचं पांढरं कापड तसंच पडलेलं. लग्न बारा दिवसांवर.

"वहिनी, कापणार आहात की पोरीला ताग्यासकट उभी करू?" नणंद दारातूनच कडाडली.

"नोव्हेना पुरी झाली की लगेच गं."

"अहो, देवसुद्धा कंटाळला असेल आता! सोमवारी नाही कापलंत तर दुसरीकडे टाकते मी."

हे मात्र वर्मी लागलं. सासर-माहेरच्या सगळ्या नवऱ्या बाईंच्याच हातच्या झग्यात उभ्या राहिल्या होत्या. हा एक झगा हातचा गेला तर आपण पुन्हा कात्री धरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी बाई कन्फेशनला गेल्या. जाळीपलीकडच्या म्हाताऱ्या फादरांना जांभईपासून कुकरपर्यंत एकूण एक पाप सांगितलं. ऐकता ऐकता फादरांनाच जांभई आली.

"डॉक्टरांची गोळी घेताय ना?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही पाठवलंत तेव्हापासून रोज. गोळीचं एक बरं आहे फादर, जांभई देत गिळली तरी लागू पडते."

"मग देवाला काय गोळीएवढंही कळत नाही? गोळी चालू ठेवा. आणि हे तुमचं प्रायश्चित्त: सोमवारपासून कापड कापता कापता प्रार्थना म्हणायची. रोज निदान एक चूक करायची. आणि पहिल्यापासून सुरू करायचं नाही."

बाईंनी आ वासला. प्रायश्चित्त मोडावं तर पाप, पाळावं तर प्रार्थना चुकते! घर येईपर्यंत त्या स्वतःशीच भांडत होत्या.

सोमवारी सकाळी त्यांनी कापड अंथरलं, खडूच्या रेघा ओढल्या. कापडाचं दुसरं टोक नवरा धरायचा आणि "वाकडं जातंय, वाकडं जातंय" म्हणून डोकं खायचा. आज तिथे इस्त्री ठेवली. कात्री उचलून प्रार्थना सुरू केली. आता चूक नेमकी करायची कुठे? पाच महिने न बोलावता येणारी चूक आज बोलावून येईना! असं करता करता ती जागा आली, जिथे आपलं मागणं सांगायचं असतं. 'माझं मन शांत कर' हे रोजचं मागणं तोंडपाठ होतं. तोंडातून निघालं, "त्यांना परत पाठव."

मग काय, बांधच फुटला. पांढऱ्या कापडावर थेंब पडू नये म्हणून मान वाकडी करून, बाहीला नाक पुसत बाई कापत राहिल्या. भयंकर राग आला होता त्यांना. "एवढी कसली घाई होती हो तुम्हाला?" असं त्या इस्त्रीलाच खडसावत होत्या. रडून झालं तेव्हा झग्याचे सगळे भाग टेबलावर होते, रेघेबरहुकूम.

दुपारी बाई थेट फादरांच्या दारात.

"फादर, चूक झाली. शांती मागायची सोडून मी नवराच मागितला."

"बरं मग? मिळाला?"

"नाही," बाईंनी डोळे पुसले. "पण कापड कापून झालं."