पुढच्या आवृत्तीची वाट

माझी बायको सोमवारी गेली. आज दुकानातून पुन्हा निरोप आला, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आलीय म्हणून, आणि काही वर्षांपूर्वीची कॉलेज रोडवरची दुपार आठवली. तिला दिसेनासं झालं होतं, म्हणून पुस्तकं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घ्यायला आम्ही गेलो होतो. हेडफोन लावून ती थोडं ऐकत राहिली, मग हसली. “अहो, ही तर मनमाड स्टेशनवरची बाई. आता म्हणेल, गाडी उशिरा येतेय.” दुकानदार म्हणाला, “काकू, पुढच्या आवृत्तीत आवाज सुधारेल. थांबता का?” “थांबते की. तोवर हे वाचतील.” रिक्षात तिनं माझा हात धरला. “पुढचीही मला आवडणार नाही हं,” ती हळूच म्हणाली. तेव्हापासून रोज दुपारी मीच वाचत होतो. आता शेवटच्या कादंबरीची थोडी पानं वाचायची राहिली आहेत.